पिंपळ कोणी लावला?



२०२४ च्या बुद्ध पौर्णिमेला आम्ही गावी होतो. गाव संगमेश्वर तालुक्यात, शास्त्री नदीच्या खोऱ्यात. मुंबईची चाकरमानी मंडळी मुलाबाळांसह आली होती. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी विहाराची साफसफाई आणि रंगकाम चालू होते. विहाराच्या मागच्या भिंतीला एक भेग गेली आहे. त्या भेगेतून पिंपळाचे हातभर रोप वर आले होते. भिंत फुटेल म्हणून तरुण मंडळींनी ते काढायचे ठरवले, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. पिंपळाचे मूळ जांभ्याची भिंतसुद्धा फोडते.

तेवढ्यात आमच्या पुतण्याची अकरा वर्षांची मुलगी विचारते, "आजोबा, हा पिंपळ कोणी लावला?"

आम्ही म्हणालो, "कोणी लावला नाही. आपोआप उगवला."

"आपोआप कसा? बी नको का?"

आम्ही पदवीधर, तीस वर्षे कचेरीत नोकरी केलेले. उत्तर देता आले नाही. उत्तर दिले ते कोपऱ्यात झाडलोट करणाऱ्या आमच्या चुलतीने. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. हातातली केरसुणी न थांबवता म्हणाल्या, "पाखरांनी लावला, नायतर वाघळांनी. आनी कोन लावनार?"

खरे तेच आहे. पिंपळाचे फळ वाटाण्याहून थोडे मोठे आणि त्याचे बी खसखशीएवढे. पाखरे आणि वाघळे ते फळ खातात, उडता उडता विष्ठा टाकतात, आणि बी जिथे पडेल तिथे, भिंतीच्या भेगेत, दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात, रुजून येते. वड, उंबर, नांदरूक यांचेही असेच. ज्या झाडाखाली तथागतांना संबोधी प्राप्त झाली त्या जातीचे झाड रानोमाळ पसरवणारे हे जीव. आपण बोधिवृक्षाला वंदन करतो आणि त्याचे बी पेरणाऱ्याला दगड मारतो.

दगड मारतो असे आम्ही म्हणालो, त्यात आम्हीही आलो. ते आज सांगून टाकतो.

वाडीच्या वरच्या अंगाला एक जुना आंबा आहे. त्यावर आमच्या आजोबांच्या काळापासून मोठी वाघळे लटकत असत. दिवेलागणीला ती निघाली की आभाळ हलल्यासारखे वाटे. जून २०२१ मध्ये बातमी आली की पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा सापडल्या. कोरोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती, वाडीतली दोन माणसे गेली होती. विहाराच्या अंगणात पाचसहाजण बसले. ठरले की वाघळे हुसकायची. आम्हीही त्या बैठकीत होतो. आम्ही काही बोललो नाही, मान हलवली. दोन संध्याकाळी आंब्याखाली सुतळी बॉम्ब लावले. वाघळे गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलांना झाडाखाली दोन पिल्ले मेलेली आढळली. वाघळाची मादी वर्षाला एकच पिल्लू देते आणि कित्येक आठवडे ते पोटाला बिलगवून उडते. मुलांनी ती पिल्ले पुरली. मोठ्यांपैकी कोणी तिकडे फिरकले नाही.

आम्ही गप्प बसलो याची लाज आम्हांला वेगळ्या कारणाने वाटते. आमच्या लहानपणी घरची जमीन म्हणजे परडे तेवढे. काजूच्या बागा दुसऱ्यांच्या. झाडाखालची बी उचलली तर चोर ठरायचे. पण वाघळे रात्री काजूचे बोंड तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेतात, रस चोखतात आणि बी खाली टाकतात. आमच्या परड्यामागच्या झाडांखाली रोज पहाटे अशा बिया पडलेल्या असत. आजी कंदील घेऊन जाई आणि ओटीभर बिया वेचून आणी. त्या बियांवर कोणा बागवाल्याचा हक्क नव्हता. त्या विकून जूनमध्ये आमच्या वह्या आणि पुस्तके येत. आमच्या शिक्षणाचा एक वाटा वाघळांनी उचलला, आणि सुतळी बॉम्ब लावायच्या वेळी आम्ही मान हलवली.

आता भीतीबद्दल बोलू. भीती खोटी नव्हती. वाघळांच्या अंगात निपाहचा विषाणू असू शकतो. केरळात २०१८ साली कोझिकोडकडे या रोगाने माणसे दगावली. तो वाघळांच्या लाळेने किंवा मूत्राने दूषित झालेली फळे व ताडी-खजुरीचा कच्चा रस यांतून माणसात येऊ शकतो, आणि मग रोग्याकडून शुश्रूषा करणाऱ्याला लागतो. म्हणून मुलांना चार गोष्टी पाठ करून द्याव्यात. एक, जिवंत वा मेलेल्या वाघळाला उघड्या हाताने शिवू नये. दोन, पाखराने किंवा वाघळाने चावलेले, खाली पडलेले फळ खाऊ नये. तीन, फळ धुऊन, सोलून खावे, आणि काजूच्या बिया वेचून झाल्यावर हात साबणाने धुवावेत. चार, वाघळाने चावले वा ओरखडले तर जखम साबण-पाण्याने धुऊन लगेच सरकारी दवाखाना गाठावा. वैदूकडे किंवा भगताकडे जाऊ नये. एवढे पाळले की झाडावरचे वाघूळ आपल्या वाटेला येत नाही. हुसकून मात्र धोका कमी होत नाही. भेदरलेली वाघळे चार ठिकाणी पांगतात, आणि रोग असलाच तर तोही चार ठिकाणी जातो.

कायद्याची गोष्टही मुलांना सांगण्यासारखी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक वेगळी यादी होती. तीत उंदीर-घुशींबरोबर फळे खाणारी वाघळे घातली होती. कोणीही मारावे, विचारणारा कोणी नाही. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती अमलात आली. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे हा जीव कायद्यानेच उपद्रवी होता. जन्मावरून कोणाच्या कपाळी शिक्का मारायचा आणि मग त्याला मारायला सगळे मोकळे, ही रीत काय असते हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

याउलट सव्वादोन हजार वर्षांपूर्वी काय झाले होते पाहा. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी एक आज्ञा स्तंभांवर कोरून घेतली. ज्यांना मारू नये अशा प्राण्यांची त्यात नावानिशी यादी आहे. पोपट आहे, साळुंकी आहे, चक्रवाक आहे, हंस आहे, आणि त्यांच्याच रांगेत 'जतूका' आहे. जतूका म्हणजे वटवाघूळ. त्याच आज्ञेत असेही आहे की उगाच रानाला आग लावू नये, आणि जीव असलेला भुसा जाळू नये. फाल्गुन-चैत्रात आपल्या कोकणात डोंगरच्या डोंगर वणव्याने काळे होतात. त्यात जमिनीवर घरटी करणारी पाखरे, सरडे, कासवे होरपळून मरतात. अशोकाचे नाव आपण मुलांना शिकवतो, त्याचे चक्र तिरंग्यावर दाखवतो. त्याने लिहवलेली ही यादीही शिकवली पाहिजे.

मुलांना परदेशातले पाखरू चित्रावरून ओळखता येते, परसातले येत नाही. आम्ही त्या दिवशी विहारासमोर बारा-चौदा मुले बसवली आणि दहा पाखरांची नावे विचारली. मुंबईच्या मुलांनी कावळा, चिमणी, कबूतर, पोपट सांगितले आणि पुढे पेंग्विन, शहामृग सुरू केले. पेंग्विन त्यांनी राणीच्या बागेत पाहिला होता. गावातली मुले साळुंकी, खंड्या, घार, भारद्वाज इथपर्यंत आली आणि थांबली. एकाने धनेश सांगितला, पण तो संगमेश्वर तालुक्यात असतो हे त्याला ठाऊक नव्हते. पुस्तकात वाचला होता.

आपल्या तालुक्याचे भूषण म्हणावे असे हे पाखरू. जुनी माणसे त्याला गरुडच म्हणतात. मोठी वाकडी चोच, तिच्यावर टोप, आणि उडताना पंखांचा आवाज असा की आगगाडी आल्यासारखे वाटावे. रत्नागिरी जिल्ह्यात महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि राखी धनेश अशा चार जाती आढळतात. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व मातीने दार लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट फक्त ठेवते. आत ती अंडी उबवते, आणि नर दिवसभर उंबर-वडाची फळे आणून त्या फटीतून भरवतो. महाधनेशाची मादी तीन-चार महिने अशी कोंडलेली असते. त्या काळात नर कोणी मारला तर एका गोळीत सगळे कुटुंब उपाशी मरण्याची पाळी. काही ठिकाणी सांधेदुखीवर धनेशाचे तेल लावतात. त्या तेलाने सांधे बरे झाल्याचा काडीचा पुरावा नाही.

धनेशाला ढोली लागते आणि ढोली जुन्या झाडातच होते. नवे झाड लावून ती लगेच मिळत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातले बहुतेक रान खाजगी मालकीचे. मालकाला पैशांची नड पडली की ठेकेदार येतो आणि बेहडा, आंबा, किंजळ आडवे होतात. महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेचे वड-आंबेही गेले. तरी आपल्याच तालुक्यात देवरुखची सह्याद्री संकल्प सोसायटी धनेशाच्या ढोल्या शोधणे, गावकऱ्यांकरवी त्यांची राखण करणे, धनेशाला लागणाऱ्या रानझाडांची रोपे वाढवणे अशी कामे करते आहे. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था १९९२ पासून समुद्रगरुड, गिधाडे, वेंगुर्ल्याच्या बेटावरील पाकोळ्या यांच्यासाठी झटली. म्हणजे शिकवणारे आपल्या दाराशी आहेत. त्यांना शाळेत, विहारात बोलावणारे आपण असलो पाहिजे.

मुलांना शिकवून खरेच काही होते का, असा प्रश्न आम्हांला एका गृहस्थांनी केला. त्यांच्यासाठी मॉरिशसचे उदाहरण देतो. एकोणिसाव्या शतकात आपल्या रत्नागिरीकडची पुष्कळ गरीब माणसे मुंबई बंदरातून करारावर उसाच्या मळ्यांत राबायला त्या बेटावर गेली. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत, आणि तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते. डोडो नावाचा न उडणारा पक्षी याच बेटावरचा. माणसांनी आणि त्यांच्याबरोबर आलेल्या जनावरांनी सतराव्या शतकातच तो संपवला. त्याच बेटावरचा छोटा ससाणा १९७४ साली रानात अवघे चार उरल्याची नोंद होती, आणि गुलाबी कबूतर १९९० च्या सुमारास रानात दहाच्या आसपास. दोन्ही पक्षी हाताने जोपासून, अंडी उबवून, रान राखून वाढवले, आणि आज ते शेकड्यांनी आहेत. त्याबरोबर शाळेतल्या मुलांना किनाऱ्याजवळच्या एका छोट्या बेटावर नेऊन आपल्या मातीतली झाडे आणि पाखरे डोळ्यांनी दाखवण्याचा पाठ तिथे सुरू झाला.

वाघळांच्या बाबतीत मात्र त्या एकाच देशात दोन गोष्टी घडल्या. रॉड्रिग्ज हे त्याच देशाचे दुसरे बेट. तिथली वाघळे १९७९ च्या चक्रीवादळानंतर शंभराच्याही आत उरली होती. त्यांना कायद्याने राखले, झाडे लावली, शाळाशाळांतून मुलांना शिकवले. आज ती हजारोंच्या घरात आहेत. मुख्य मॉरिशस बेटावर मात्र लिचीच्या बागा खातात म्हणून सरकारने २०१५ आणि २०१६ मध्ये वाघळे हजारोंनी मारवली. २०१८ मध्ये त्या जातीची नोंद जगाच्या यादीत संकटग्रस्त म्हणून करावी लागली. बागवाल्याचे नुकसान आम्ही खोटे म्हणत नाही. कोकणातल्या चिकू-काजूवाल्यालाही ते सोसावे लागते. पण झाडावर जाळे घालता येते, फळ वेळेवर उतरवता येते. मेलेले वाघूळ पुन्हा बी पेरायला येत नाही.

आता आमच्या वाडीत काय केले ते सांगतो. पैसे लागले नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीतले चार रविवार लागले.

पहिल्या रविवारी मुलांनी सकाळी अर्धा तास अंगणात गप्प बसायचे आणि दिसेल, ऐकू येईल ते पाखरू वहीत लिहायचे. नाव ठाऊक नसेल तर रंग, चोच आणि आवाज लिहायचा. मग ती वही घेऊन घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे जायचे. आमच्या चुलतीकडे रांग लागली. टुकटुक करणारा तांबट, पिवळाजर्द हळद्या, पावसाच्या तोंडावर येणारा नवरंग, सारे त्यांनी सांगितले. ज्या बाईला कोणी कधी काही विचारले नव्हते ती त्या दिवशी गुरुजी झाली.

दुसऱ्या रविवारी उंबराखाली जाऊन कोण काय खातो ते पाहिले. सकाळी बुलबुल, तांबट आणि हरियल आले, संध्याकाळी छोटी वाघळे आली. खाली पडलेल्या बिया काडीने उकरून पाहिल्या.

तिसरा रविवार भीतीचा. पिंगळा ओरडला की घरात मरण, वाघूळ शिरले की अवकळा, असे जे ज्याने ऐकले होते ते बोलून दाखवायचे आणि पुढे एकच प्रश्न विचारायचा: स्वतः कोणी पाहिले? धम्म सांगतो की येऊन पाहा, मग स्वीकारा. एका मुलाने सांगितले, "आमच्या माळ्यावर पिंगळा राहतो आणि आमच्याकडे उंदीर नाहीत." सभा तिथेच संपली. छोटी वाघळे रात्रभर किडे-डास खातात, हेही त्याच दिवशी सांगितले.

चौथ्या रविवारी वड, उंबर, जांभूळ, बेहडा यांचे बी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावले. मुलांना नियम घालून दिले: घरट्याला हात लावायचा नाही, ढोलीत डोकवायचे नाही, गलोल घरी ठेवायची नाही. एकाने गलोल आणून दिली. बाकीच्यांकडच्या आम्हांला ठाऊक आहेत, त्याही येतील.

भिंतीतल्या त्या पिंपळाचे काय झाले? दोन तरुणांनी भेग थोडी मोठी करून मुळासकट तो अलगद काढला, भिंत सिमेंटने बुजवली आणि रोप विहाराच्या आवारात, भिंतीपासून वीस पावलांवर लावले. पाणी घालायचे काम प्रश्न विचारणाऱ्या मुलीने सुट्टीपुरते केले आणि जाताना गावच्या मैत्रिणीवर सोपवले. रोप जगले. २०२५ च्या पावसानंतर ते आमच्या छातीएवढे झाले होते.

वाघळे त्या आंब्यावर परत आलेली नाहीत. मुलांनी दोन उन्हाळे वाट पाहिली. रात्री उंबरावर खायला येतात, पहाटे नदीपलीकडे जातात. आमच्या मौनाची ती किंमत आहे, आणि ती त्या मुलांनी मोजली. म्हणून वाचकांना विनंती की येत्या रविवारी आपल्या मुलाला दहा पाखरांची नावे विचारा. त्याला येत नसतील तर रागावू नका, त्याला घेऊन घरातल्या आजीकडे जा. आणि कधी चार माणसे झाड तोडायला किंवा वाघळे हुसकायला बसली, तर आमच्यासारखी मान हलवू नका. मुलाला शेजारी बसवा आणि त्याच्यादेखत बोला.